पिशवीचं तोंड

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील एका संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते. धरणाचं पाणी, वनजमिनीचे दाखले, रेशनचं धान्य, यातल्या कुठल्याही विषयावर जुन्नरच्या आमच्या दोन खोल्यांत पत्रक निघायचं, आणि त्याच्या घड्या घालायला आम्ही भावंडं बसायचो. मी अक्षरं ओळखायला शिकले ती गुलाबी कागदावरच्या मथळ्यांतून. त्यामुळे नारायणगावच्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून "माझ्या एका उपकरणासाठी माहितीपत्रक लिहिशील का? नंतर विक्रीचंही तूच बघ," असं विचारलं, तेव्हा मी विचार करायलाही थांबले नाही. पत्रक लिहिणं मला येतं, अशी माझी खात्री होती.

उपकरण म्हणजे काही मोठं धूड नव्हतं. तळहातावर मावेल एवढी वस्तू. बाईची आतून तपासणी करताना डॉक्टर दोन पात्यांचं एक साधन वापरतात, त्याला स्पेक्युलम म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते स्टीलचं असतं. गार असतं, आणि त्याचा स्क्रू फिरवला की करकरतं. आमच्याकडच्या बायका त्याला सरळ चिमटा म्हणतात. "एकदा चिमटा लावून घेतला, परत न्हाई जायची," हे वाक्य डॉक्टरबाई वीस वर्षं ऐकत आल्या होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत सापडला तर बाई वाचू शकते. पण तो सापडायचा तर आत पाहायला हवं, आणि चिमट्याच्या धास्तीनं बाई दवाखान्याकडं फिरकत नाही. फिरकते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टरबाईंनी ठरवलं, चिमटाच बदलायचा.

हे ऐकलं त्या दिवशी मला घरी बसवेना. बायकांना समजावा, बायकांची भीड घालवा, बायकांचं प्रबोधन करा, हे मी लहानपणापासून ऐकत होते. आमच्या स्वतःच्या पत्रकांतही तेच असायचं. दोष बाईत नाही, हत्यारात आहे, असं म्हणणारं माणूस मला पहिल्यांदा भेटत होतं. आणि त्या नुसतं म्हणून थांबल्या नव्हत्या. त्यांच्या आराखड्यात स्क्रू नव्हता, स्टील नव्हतं, आणि मूठ अशी वर वळवलेली होती की पाठीवर झोपलेल्या बाईला ती स्वतःच्या हातात धरता यावी. आत घालायचं ते बाईनं, तिच्या सवडीनं. डॉक्टरनं शेवटी फक्त खटका लावून पाहायचं.

साचा बनत होता वारूळवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथले चाचा मूळचे आमच्या जुन्नरचेच. त्यांचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. चाचा ठिबक सिंचनाच्या जोडांचे, तोट्यांचे, टोपणांचे साचे करतात. आमच्या भागातल्या निम्म्या टोमॅटोला मिळणारं पाणी त्यांच्या हातच्या साच्यांतून निघालेल्या जोडांतून जात असेल. स्पेक्युलम हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते म्हणायचे, "डॉक्टरबाईंचा पार्ट."

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले तेव्हा वाद चालला होता.

"चाचा, हे वाजतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"वाजणारच, मॅडम. आवाज आला म्हणजे लॉक झालं. गिऱ्हाइकाला भरोसा पाहिजे."

"ह्या गिऱ्हाइकाला आवाज नको."

"मग कळायचं कसं, बसलं का नाय?"

"बोटाला कळेल."

चाचांनी तो तुकडा तीनदा दाबला. कट, कट, कट. "आठ दिवस लागले मला हा आवाज आणायला," ते म्हणाले. "आता घालवायला किती लागतील ते अल्ला जाणे."

पंधरा लागले. त्या पंधरा दिवसांत मी रोज काही ना काही निमित्त काढून वारूळवाडीला जायची. माझं काम पत्रकाचं, शेडमध्ये माझी काही गरज नव्हती. पण एक वस्तू डोळ्यांसमोर आकार घेत होती आणि दर दोन दिवसांनी कालच्यापेक्षा शहाणी होत होती. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी निघालेल्या मागण्या पाच-पाच वर्षं तशाच्या तशा राहायच्या.

एक दिवस चाची जेवणाचा डबा घेऊन आल्या. चाचांनी घरी या पार्टबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बाकावर नवा, धुतलेला नमुना पडला होता. चाचींनी तो उचलला, उलटसुलट पाहिला, आणि खालचा ओठ ओढून आतल्या बाजूवरून त्याची कड सावकाश फिरवली.

"इथं टोचतंय," त्या म्हणाल्या.

चाचा जमिनीकडं बघायला लागले. "तुला काय म्हाईत ते काय आहे?"

"चार लेकरं झाली मला. मला न्हाई कळणार तर कोणाला कळणार, तुमाला?"

साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं प्लॅस्टिकवर केसाएवढी रेघ उमटते. बोटाला ती लागत नव्हती, ओठाला लागली. त्या दिवसापासून प्रत्येक नमुना धुऊन ओठावर फिरवून बघायचा, हा शेडचा नियम झाला. डॉक्टरबाई फिरवायच्या, चाची फिरवायच्या, मी फिरवायची. माझ्या ओठाला आतून आठवडाभर चुरचुर होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. चाचा आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि विचारायचे, "झालं का तुमचं चाखून?"

नमुना पक्का झाल्यावर साचा चाकणकडच्या एका कारखान्यात गेला. तिथं दवाखान्याच्या वस्तू बंद खोलीत, परवान्यानिशी तयार होतात. जंतू मारून, एकेक नग वेगळ्या पाकिटात. पुण्याच्या एका वैद्यकीय कॉलेजच्या समितीनं बायकांवर वापरून बघायची परवानगी दिली. अटी तीन होत्या: तिशी ओलांडलेल्याच बायका, प्रत्येकीची लेखी संमती, आणि काम महिनाअखेरीच्या आत. त्या मुदतीत पुरेशा बायका आल्या नाहीत तर सगळं पुन्हा पहिल्या अर्जापासून. कारखाना आमच्यासाठी यंत्र अडवून ठेवणार नव्हता, आणि तसं झालं तर डॉक्टरबाईंचा हा चिमटा कायमचा त्यांच्या टेबलाच्या खणात जाणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात पुण्याचा एक वितरक आम्हाला भेटला. चकचकीत माणूस, बोलणं गोड. त्यानं खोक्याचं चित्रच काढून आणलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत शब्द होता, 'वेदनारहित'.

"हा शब्द राहू द्या, बाकी काय हवं ते लिहा," तो म्हणाला.

"कोणाला विचारलंत?" मी म्हणाले. "अजून एकाही बाईनं हे वापरलेलं नाही."

"अहो ताई, मार्केटिंग आहे हे."

"छापलेल्या कागदात खोटं घालायचं नाही, अशी आमच्या घरची रीत आहे."

त्यानं डॉक्टरबाईंकडं पाहिलं. त्या चहा पीत होत्या. "ती बरोबर बोलते आहे," त्या म्हणाल्या. "आधी बायकांना सांगू देत, मग आपण छापू." पुण्याहून परतताना चाकणच्या गर्दीत गाडी तासभर अडकली. मला मात्र निवडणूक जिंकून आल्यासारखं वाटत होतं.

मग मी माझं पत्रक लिहिलं. गुलाबी कागदावर, दुसरा रंग मनातही आला नाही. गर्भाशय हा शब्द मी मुद्दाम टाळला. तो पाठ्यपुस्तकात राहतो, बायकांच्या तोंडी पिशवी असते. लोकांच्या भाषेत लिहावं, हे मी वडिलांकडून शिकले होते. मथळा असा होता: 'पिशवी कोणाची? तुमची. मग तपासणी कोणाच्या हातानं? तुमच्याच.' खाली ठळक: 'पिशवीची मोफत तपासणी', दिवस आणि ठिकाण. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मथळा चांगला झालाय." ते असं सहसा म्हणत नाहीत.

जागा ठरली आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढचं एक गाव, तिथलं आरोग्य उपकेंद्र. गावच्या आशा कार्यकर्तीला सगळे आशाताई म्हणतात. वय चाळिशीच्या पुढे, पोलिओच्या डोसापासून बाळंतपणापर्यंत सगळ्या घरांत पाय असलेली बाई. तिनं पत्रक वाचलं आणि मला एवढंच विचारलं, "ताई, हे वाटायचंच का?"

"वाटायचंच," मी म्हणाले.

तिनं घरोघर वाटलं. ठरलेल्या दिवशी डॉक्टरबाई, नर्स आणि मी सकाळपासून उपकेंद्रात बसलो. एक आजोबा आले. "इथं शुगर बघत्यात का?" नर्सनं त्यांची शुगर बघितली. दुसरं कोणी आलं नाही. तीन दिवसांनी पुन्हा गेलो. तेव्हा आजोबाही आले नाहीत. महिना संपायला दहा दिवस उरले होते. डॉक्टरबाई मला रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. पाकिटं परत पेटीत भरता भरता त्या म्हणाल्या, "कुठं चुकलं ते शोध. माझ्याच्यानं ते होणार नाही, मी डॉक्टर आहे, मला त्या खरं सांगत नाहीत."

मी उपकेंद्राच्या पायरीवर आशाताईंजवळ जाऊन बसले.

"बायका का येत नाहीत?"

"तुमी लिवलंय म्हणून."

"काय लिहिलंय मी?"

"पिशवीची तपासणी."

"मग?"

"ताई, आमच्याकडं पिशवी तपासली की पिशवी जाती."

मला कळेना. मग तिनं समजावलं. बाई कंबर दुखते म्हणून जाते, अंगावरून पांढरं जातं म्हणून जाते. कुठल्या तरी दवाखान्यात मशीन फिरवतात, पिशवीला सूज आहे म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. गावात 'ती पिशवी तपासायला गेली' म्हणजे ती काढून यायला गेली, एवढाच अर्थ. आशाताईंच्या सख्ख्या बहिणीची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. काढायला हवी होती का, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

"आन वर तुमी लिवलं, तुमच्याच हातानं," ती म्हणाली. "वरल्या आळीची एक मला इचारती, आता काढायला बी आपल्यालाच लावत्यात का काय?"

मला हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी कानशिलं तापली. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"म्या इचारलं न्हवतं व्हय, हे वाटायचंच का म्हणून? तुमी म्हणला, वाटायचंच."

लोकांचा शब्द मी उचलला होता, पण लोकांचा अनुभव त्या शब्दात काय भरून ठेवतो ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. जिचं शरीर तिचा हक्क, असं लिहून मी तिलाच पळवून लावलं होतं.

"मग काय म्हणू?" मी विचारलं.

आशाताईंनी थोडा विचार केला. "पिशवीचं तोंड म्हणा. आन तपासायचं म्हणू नका, बघायचं म्हणा. तोंड कोण काढून नेत न्हाई." मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडं बघून, "आन कागद नका देऊ आता. ती वस्तूच घिऊन या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाखवायचा एक नमुना घेऊन तिच्याबरोबर गेले. गावाबाहेरच्या मांडवात पंधराएक बायका टोमॅटो निवडून कॅरेटात भरत होत्या. आशाताईंनी मला मधोमध बसवलं. मी भाषण केलं नाही. वस्तू पहिल्या बाईच्या हातात दिली आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला जन्मात इतकं अवघड गेलं नव्हतं.

वस्तू फिरली. एकीनं मूठ दाबली, पाती उघडली. "हे तर ठिबकाचं दिसतंय गं."

"कोपऱ्यावर लावत्यात ते."

"आता आमाला बी ठिबक लावनार का काय सरकार?"

हसण्यानं मांडव हलला. मी खरं ते सांगितलं: साचा करणारा माणूस ठिबकाचेच जोड करतो, वारूळवाडीचा, पण ज्या वस्तू वापरायच्या त्या दुसऱ्या कारखान्यात बनतात, बंद पाकिटात येतात, एका बाईला एक.

"ठिबकवाल्यानं केलं आसंल तर गळायचं तरी न्हाई," सगळ्यांत थोरली म्हणाली, आणि पुन्हा हशा.

मग एकीनं हळूच विचारलं, "दुखतं का ओ?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. 'नाही' हा एक शब्द बोलले असते तर बहुधा सगळं तिथंच जुळलं असतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही. स्टीलच्या चिमट्यापेक्षा कमी दुखावं म्हणून केलंय. खरं काय ते तुम्हीच सांगायचं, तेच विचारायला आलोय."

थोरलीनं हातातला टोमॅटो कॅरेटात टाकला.

"हे बरं बोलली," ती म्हणाली. "आन तुमी करून घेतलं का?"

"तिशीच्या आतल्या बाईला घ्यायची परवानगी नाही."

"मग आशाताई, तू? तू तर लई मागं टाकलीस तिशी."

सगळ्या तिच्याकडं वळल्या. आशाताई एका टोमॅटोचं देठ खुडत राहिल्या. "न्हाई."

"आन आमाला गं कशाला पाठवती, बये?"

बहिणीचं मांडवात सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे ते कोणी काढलं नाही. "उद्या करून घेते," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या देखत."

"देखत म्हंजी?"

"पडद्याआड. पर तुमच्या देखत."

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या ओसरीवर अकरा बायका होत्या. करून घ्यायला कोणीच आली नव्हती, सगळ्या बघायला आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी संमतीचा कागद आशाताईंना वाचून दाखवला. तिनं सही केली, पण पेन खाली ठेवलं नाही.

"काय निघालं तर लगीच काढा म्हणायच्या न्हाई ना?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक होता की हीच बाई गावभर हाका मारत फिरते, यावर विश्वास बसला नसता.

"काही निघालं तर आधी तुम्हाला सांगेन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग तुम्ही दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं. मग बसून ठरवू. आज इथून काहीही काढलं जाणार नाही."

ती आत गेली. मी ओसरीवर बायकांत थांबले. पडद्यामागून पाकीट फाटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही.

"सावकाश. घाई नाही आपल्याला," डॉक्टरबाईंचा आवाज.

ओसरीवरच्या एकीनं पडद्याकडं मान लांबवली.

"गेलं का?" आशाताई.

"तुम्हीच सांगा."

"गेलं वाटतं."

"आता मी बघू?"

"बघा."

"लावून बी झालं असंल," ओसरीवरची एक पुटपुटली. "आवाज कसला आला न्हाई." गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेलं व्हिनेगर लावतात आणि एक मिनिट थांबतात, तिथं पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी लागते. ते मिनिट मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. काटा पुढं सरकायला तयार नव्हता. मला आशाताईंची बहीण दिसत होती, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

"स्वच्छ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी छान आहे."

आशाताई निऱ्या सारख्या करत बाहेर आल्या. अकरा जणी तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय गं?"

"सुरवातीला ताणल्यावानी झालं वाईच," ती म्हणाली. मी शिकवलं नव्हतं तरी ती अगदी जे झालं तेच सांगत होती. "मग कळलं बी न्हाई. हात माझा व्हता ना, मी थांबले की ते थांबत व्हतं." ती खाली बसली, पाणी प्यायली, आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आन पिशवी हाय जाग्यावर."

हसणं इतकं उसळलं की नर्स धावत बाहेर आली. हसता हसता एक उठली. तिच्या मागून दुसरी. तिसरीला चौथीनं ढकललं.

आणि आमच्याकडं पाकिटं होती सहा. दोन रिकाम्या दिवसांनंतर डॉक्टरबाईंना जास्त आणायचा धीर झाला नव्हता. सातवी बाई आत जाऊन तशीच परत आली, तेव्हा ओसरीवर आमची जी खरडपट्टी निघाली ती मी जन्मभर विसरणार नाही. "कामाचा खाडा करून आलोय आमी, आन तुमी सहाच आणलं?" "पावण्यांना बोलवायचं आन ताटं कमी घ्यायची, असं आस्तंय व्हय?" डॉक्टरबाई हात जोडून माफी मागत होत्या. आयुष्यात कुठल्या पेशंटची माफी त्यांनी इतक्या आनंदानं मागितली नसेल. उद्या सकाळी पेटी भरून आणायची, ही कबुली दिल्यावरच आम्हाला सोडलं.

मी सहाही जणींना विचारून सगळं लिहून घेतलं. कोणाला कुठं ताण आला, कोणाला गार लागलं, कोणाला काही कळलंच नाही. एकीनं सांगितलं, हाताला घाम सुटला आणि मूठ निसटली, दोनदा.

गाडी घोडेगावच्या अलीकडं आली तेव्हा डॉक्टरबाईंनी मला चाचांना फोन लावायला सांगितला. मी स्पीकरवर टाकला. मागं यंत्र धडधडत होतं.

"टोचलं का कोणाला?" चाचांनी आधी हेच विचारलं.

"नाही टोचलं. पण एका बाईच्या हातातून मूठ निसटली. घामानं."

चाचांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "पुढच्या साच्यात मुठीला खाचा पाडतो. बारीक पाहिजेत का जाड?"

मी डॉक्टरबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुम्हाला काय विचारतोय मी," चाचा म्हणाले. "त्या बाईला विचारा ना. हात तिचा आहे."

डॉक्टरबाईंनी आरशात मागं बघितलं, रस्ता मोकळा होता. त्यांनी गाडी वळवली.